पहिल्याच इंजेक्शनवर निकाल लावणाऱ्या मेसेजबद्दल

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली की डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात. ती कुणाला लागू पडणार हे 'घरबसल्या ओळखा' म्हणून एक मेसेज फिरतोय. माझ्या मावशीने तो वाचला आणि दुसऱ्या इंजेक्शनला जायचंच नाही म्हणाली. नाहीतर असल्या मेसेजला उत्तर द्यायची मला हौस नाही.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच: 'पहिल्या इंजेक्शनने फरक पडला नाही तर पुढची घेऊ नका.' हे कुणी ठरवलं? 'प्रोटोकॉल टी' हा अमेरिकेतला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अशी सूज असलेले ६६० रुग्ण आणि डोळ्यात टोचायची तीन औषधं; बेव्हॅसिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही त्यांतली दोन. पहिल्या वर्षात साधारण ९ ते १० इंजेक्शनं लागली. २०१८ मध्ये याच रुग्णांची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा २४ आठवड्यांनंतरही बेव्हॅसिझुमॅब घेतलेल्या जवळपास दोन तृतीयांश डोळ्यांत सूज होतीच. अफ्लिबरसेप्ट घेतलेल्यांत सुमारे एक तृतीयांश. तरी उपचार चालू ठेवल्यावर सूज रेंगाळलेल्या डोळ्यांतही नजर सुधारण्याची शक्यता चांगली होती आणि ढासळण्याचा धोका कमी. सहा महिन्यांतही ज्याचा निकाल लागत नाही, तो हे महाशय एका महिन्यात लावून मोकळे!

आता, यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. पहिल्या तीन इंजेक्शनांनंतर ज्यांची नजर चांगली सुधारते, त्यांचं पुढेही सरासरीने बरं चालतं. पण तीन इंजेक्शनांनंतर, आणि तेही सरासरीने. प्रतिसाद कमी वाटला तर औषध बदलायचं का, हा विचार डॉक्टर करतात. उपचार सोडून घरी बसा, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरा मुद्दा, 'नजर फार खालावली असेल तर उपयोग शून्य.' साफ उलटं. त्याच अभ्यासात सुरुवातीला ६/१५ किंवा त्याहून कमी दिसणाऱ्यांना अफ्लिबरसेप्टने वर्षभरात तक्त्यावरची सरासरी १८.९ अक्षरं जास्त वाचता आली. बरी नजर असलेल्यांची वाढ ८ अक्षरांची. जवळजवळ सगळा तक्ता आधीच वाचता येत असेल तर वाढायला जागा किती उरणार?

तिसरा, 'ओसीटीचा फोटो अमुक अ‍ॅपवर टाका, यशाची टक्केवारी मिळेल.' ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन. प्रिंटवर दिसतो तो पडद्याचा एखाद-दुसरा छेद, म्हणजे कापून बघितल्यासारखं चित्र, आणि मायक्रॉनमधली (मिलिमीटरच्या हजाराव्या भागातली) जाडी. मशीनमध्ये असे कितीतरी छेद असतात. शिवाय मशीन बदललं की जाडीचा आकडाही बदलतो. मावशीचे दोन रिपोर्ट दोन वेगळ्या मशीनवरचे, आणि ती बसली होती आकडे ताडून पाहत.

राहिलं 'एकदा लेझर केलं की काम फत्ते'. लेझरने नजर आणखी जाण्याचा धोका निम्म्यावर येतो, हे १९८५ सालीच दिसलं होतं. गेलेली नजर मात्र त्याने क्वचितच परत येते, म्हणून तर इंजेक्शनं आली.