कोरडा बोअर म्हणजे सुरक्षित जागा नव्हे

आत्याने काल रात्री एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे खरं असेल तर मी उद्याच्या सभेला जात नाही.’ सभा आहे घातक कचरा साठवण्याच्या नियोजित जागेबद्दल, आणि ती जागा अगदी सुरक्षित आहे असं सांगणारा हाच मेसेज मला आधी चार जणांकडून आला होता आणि चारही वेळा मी तो सोडून दिला होता. पण आत्याची विहीर त्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आता गप्प बसवत नाही.

मेसेजचा सगळा भार पहिल्या दोन मुद्द्यांवर आहे: ‘जागेखाली अखंड कातळ आहे, थेंबही झिरपणार नाही’ आणि ‘तीन बोअर मारले, तिन्ही कोरडे गेले.’

अखंड कातळ ही डोळ्यांची समजूत आहे. लाव्हा थंड होताना आक्रसून तडकतो. ग्रॅनाइटवरचं ओझं झिजून उतरलं की तोही फाकतो. पाणी दगडातून फारसं जात नाही हे खरं, ते या भेगांमधून जातं. आणि भेग दुप्पट रुंद असली तर तेवढ्याच उतारावर तिच्यातून दुप्पट नाही, साधारण आठपट पाणी वाहतं. म्हणजे शंभर बारीक भेगा मोजल्या आणि एक मोठी निसटली, तर सगळा हिशेब फुकट. बोअर उभा जातो, पुष्कळ भेगाही उभ्याच असतात. दोन भेगांच्या मधोमध पडलेला बोअर कोरडाच जाणार. त्या वीतभर भोकात त्या दिवशी पाणी लागलं नाही, एवढंच त्यावरून कळतं. भेगा शोधायच्या तर तिरके बोअर घ्यावे लागतात, कोर, म्हणजे खडकाचा सलग गोल नमुना, काढून त्यातला एकेक तडा नोंदवावा लागतो, बोअरचा एकेक टप्पा वरून-खालून बंद करून दाबाने पाणी सोडावं लागतं आणि ते किती शोषलं जातं ते मोजावं लागतं. मेसेजमध्ये यातल्या एकाचाही उल्लेख नाही.

हे पुस्तकी भय वाटत असेल त्यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्ट्रिंगफेलो या कचऱ्याच्या जागेची हकिगत ऐकावी. १९५५ मध्ये राज्याच्या भूवैज्ञानिकाने तिथल्या दरीतली एक दगडखाण औद्योगिक कचऱ्यासाठी योग्य ठरवली. खाली अभेद्य खडक आहे, दरीच्या तोंडाशी काँक्रीटचा बांध घातला की प्रदूषणाचा धोका नाही, असा अहवाल होता. १९५६ पासून तिथे ३ कोटी गॅलनहून जास्त, म्हणजे ११ कोटी लिटरच्या वर, द्रवरूप कचरा ओतला गेला. पुढे कळलं की खडक भेगाळलेला होता आणि दरीच्या तळाखाली अवघ्या ७० फुटांवर भूजल होतं, जे पाहणीत सापडलंच नव्हतं. भूजल दूषित झाल्याचं आढळल्यावर १९७२ मध्ये जागा बंद केली. बांधही १९६९ आणि १९७८ च्या अतिवृष्टीत निकामी ठरला. दूषित पाण्याचा पट्टा काही मैल पसरला. १९९८ मध्ये फेडरल न्यायालयाने जागेची पाहणी, निवड आणि आखणी यांतल्या निष्काळजीपणासाठी खुद्द राज्य सरकारला जबाबदार धरलं. ‘अखंड कातळ’ हे शब्द वाचले की मला तो अहवाल आठवतो.

‘जमिनीचा उतार गावाच्या उलट दिशेला आहे.’ असेल. जमिनीखालचं पाणी जमिनीचा उतार पाहून चालेलच असं नाही. आसपासच्या विहिरी-बोअर जोरात उपसल्या तर ते त्यांच्याकडे वळतं. दिशा ठरवायची तर एका रेषेत नसलेल्या किमान तीन ठिकाणची पातळी हवी, भेगाळलेल्या खडकात त्याहून बरीच जास्त, आणि तीही पावसाळ्यात नि उन्हाळ्यात वेगवेगळी.

‘माती नैसर्गिक गाळणी आहे.’ हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. चिकणमाती शिसं आणि कॅडमियम बऱ्यापैकी धरून ठेवते. पण षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियम धातूचं एक विषारी रूप, पाण्याबरोबर सहज पुढे जातं. आणि धातूंवरचं ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रव रसायन पाण्यापेक्षा जड असतं, पाण्याच्या पातळीखालीही भेगांतून खोल उतरत जातं. त्याच्या एका लिटरचं वजन सुमारे १.४६ किलो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. भागाकार करून पाहा: एक लिटर जवळपास २९ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. ही गाळणी त्याला पुरणार नाही.

‘खाली प्लास्टिकचं दुहेरी अस्तर असणार आहे.’ ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण जोड देताना किंवा टोकदार खडी लागून त्यालाही भोकं पडतात. अस्तर चुकलं तर खालची जमीन सांभाळून घेईल का, हे पाहण्यासाठीच भूगर्भाची तपासणी असते. अस्तर आहे म्हणून तपासणी नको, हा तर्क उलटा आहे.

मला सर्वांत संताप आला तो शेवटच्या मुद्द्याचा: ‘आसपासच्या विहिरींचं पाणी तपासलं, ते शुद्ध निघालं, म्हणजे जागा सुरक्षित.’ अहो, तिथे अजून कचऱ्याची एक गाडीही रिकामी झालेली नाही! आजचा नमुना पुढे तुलनेसाठी लागतो आणि तो जपून ठेवायलाच हवा. पण उद्या काय होईल हे तो कसं सांगणार? आत्यासारख्या माणसाला हे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र म्हणून दाखवणं ही सरळ दिशाभूल आहे.

घातक कचरा कुठेतरी नीट ठेवावाच लागेल, रात्री नाल्यात सोडण्यापेक्षा बांधीव जागा कधीही बरी, हेही मी मानतो. म्हणून तर जागा पारखून घ्यायची.

आत्याला आज सकाळी फोन केला आणि सभेला जाच म्हणालो. तीन कागद मागायला सांगितले: कोरच्या नोंदी, दाबचाचण्यांचे आकडे आणि वर्षभराच्या पाणीपातळीचा नकाशा. त्या नकाशात तुझी विहीर आहे का, तेही बघ म्हटलं. ती म्हणाली, विहिरीतून बाटलीभर पाणी नेलं होतं, पातळी मोजायला मात्र कुणी आलंच नाही.