पुण्यातला बायकांचा इतिहास 'अर्ध्या तासात संपतो' म्हणे

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच मेसेज पाठवला, तुमच्याकडेही आला असेल. मजकूर साधारण असा, की पुण्यात बायकांचा इतिहास चालत बघायचा म्हणजे अर्ध्या तासाचं काम, भिडे वाडा होता तोही पाडला, शनिवारवाड्याला एक मस्तानी दरवाजा आहे, बाकी बायका घरातच होत्या, जे काय झालं ते सुधारक नवऱ्यांनी केलं, आणि तेही वरच्या जातीच्या चार घरांपुरतं. मी काही वर्षं हेच रस्ते मैत्रिणींना आणि त्यांच्या मुलींना घेऊन चालतेय, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

"बायका घरातच होत्या"

अहो, घरात होत्या तर लोकांनी शेण फेकलं कुणावर? १८४८ ला भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर वाटेत शेण-माती-दगड पडायचे आणि शाळेत गेल्यावर बदलायला म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत ठेवायच्या, हे आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलंय. वाचून पुढे गेलो. पण बुधवार पेठेतल्या त्या गर्दीत उभं राहिलं की ते वेगळं कळतं, भांडण शाळेचं होतं तितकंच रस्त्याचंही होतं, एका बाईने रोज ठरलेल्या वेळी स्वतःच्या कामाला चालत जायचं याचं. म्हणजे पुण्यातल्या बायकांच्या इतिहासात चालणं हीच मुख्य घटना आहे आणि आपण म्हणतो चालून काय दिसणार!

आणि एकट्या सावित्रीबाई नाहीत. लक्ष्मी रोडवरची हुजूरपागा, पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची जागा, तिथली मुलींची शाळा १८८४ ची. त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर केसरीतून कडक टीका होत होती, तरी मुली जात राहिल्या. १९२० साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ठरत होतं तेव्हा ते फक्त मुलग्यांना नको, मुलींनाही हवं म्हणून बायकांनी पुण्यात मोर्चा काढला. जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं ते फर्ग्युसन कॉलेजात, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. एफसी रोडवर आपण कॉफी प्यायला जातो, त्या गेटातून आत जाताना हे किती जणांना माहीत असतं?

"जे केलं ते सुधारक नवऱ्यांनी"

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. जोतिराव, रानडे, कर्वे यांचं काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तारखा बघा ना जरा. न्यायमूर्ती रानडे गेले १९०१ ला आणि पुण्यात सेवासदन उभं राहिलं १९०९ ला, रमाबाई रानड्यांच्या हातून, ज्यात पुढे बायकांना नर्सिंगसारख्या कामाचं शिक्षण मिळालं. म्हणजे नवरा जाऊन आठ वर्षं झाल्यावर. पंडिता रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा विधवा होत्या, कडेवर लहान मुलगी, आणि त्याच वर्षी म्हणजे १८८२ ला त्यांनी आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. यात कुठला नवरा?

आता पुढची कडी. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा मुंबईत १८८९ ला काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आणली. त्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, बालविधवा. १८९३ ला तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, त्या बाया कर्वे. आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १८९६ ला कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम आला, जो पुढे हिंगण्याला म्हणजे आजच्या कर्वेनगरात गेला. तर हिंगण्याच्या कहाणीत कर्व्यांच्या आधी एक बाई आहे, तिने शिकवलेली दुसरी बाई आहे, आणि नंतर बाया कर्व्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, जिने आश्रमासाठी निधी गोळा करत गावोगाव आणि शेवटी अमेरिकेपर्यंत फिरून यावं एवढी जिद्द दाखवली. आज कर्वेनगरात रिक्षातून उतरलं की समोर कर्व्यांचं नाव असतं, ते असावंच, पण ही बायकांची साखळी कुणीतरी सोबत चालत सांगितल्याशिवाय कळत नाही.

फुले वाड्याचंही तेच. गंज पेठेत लोक जातात, फोटो काढतात, परत येतात. १८६३ ला सुरू झालेलं बालहत्या प्रतिबंधक गृह आठवा, फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं म्हणून. तिथे बायकांची बाळंतपणं कोण सांभाळत होतं, सावित्रीबाईच ना. काशीबाई नावाच्या विधवेचं बाळ तिथे जन्मलं, ते फुले दांपत्याने दत्तक घेतलं, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात याच यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्चला गेल्या. जोतिरावांना जाऊन तेव्हा सहा वर्षं उलटून गेली होती.

"बघायला काही उरलंच नाही"

भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला हे खरं आहे, स्मारकासाठी पाडला, आणि त्याआधी कित्येक वर्षं तो पडायला आलेला तसाच उभा होता याचं मला अजून वाईट वाटतं. पण एक इमारत गेली म्हणून सगळं गेलं? हुजूरपागा चालू आहे, सुटायच्या वेळी दारात उभं राहा, मुलींचा लोंढा बाहेर पडतो. रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटल आहे, जिथे डॉक्टर बानू कोयाजींनी १९४४ पासून आयुष्य घातलं, १९९३ ला मॅगसेसे मिळालं. आगाखान पॅलेसला कस्तुरबांची समाधी आहे, कैदेतच गेल्या त्या, २२ फेब्रुवारी १९४४. आणि बाजीराव रोडजवळचं केळकर म्युझियम, तिथे माझा तासन् तास जातो. अडकित्ते, वज्री, फण्या, करंडे, दिवे, स्वयंपाकाची भांडी. दिनकर केळकरांबरोबर त्यांच्या पत्नी कमलाबाईंनीही हे जमवलं. ज्यांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत त्या बायकांच्या हातांनी झिजलेल्या वस्तू आहेत या, आणि म्हणे उरलं नाही!

पुतळ्यांवरून मोजणार असाल तर मात्र हाती कमीच लागेल. जंगली महाराज रोडला झाशीच्या राणीचा आहे, सुंदर आहे, पण राणीची कर्मभूमी पुणे नाही. उलट लेखिका ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, पण त्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ ला छापलं गेलं ते पुण्यात.

"वरच्या जातीच्या घरांपुरतं"

मुक्ता साळवे. मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेतली मुलगी, वय चौदाच्या आसपास. १८५५ ला तिचा निबंध 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी, त्यात तिने देवालाच विचारलंय की आमचा धर्म कोणता ते तरी सांग. सावित्रीबाईंची सहकारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख कोण होत्या यावर हल्ली बराच वाद घालतात, पण सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचं नाव आहे, जोतिरावांना लिहिलंय की माझ्या मागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल. आणि अगदी अलीकडचं बघायचं तर १९९३ ला याच शहरात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यात बहुसंख्य दलित बायका, सगळ्या पायीच फिरणाऱ्या, त्यांनी ओळखपत्रं मिळवली, आपलं काम हे काम म्हणून मान्य करायला लावलं.

ज्यांनी मेसेज पाठवला त्यांना मी एवढंच लिहिलंय की रविवारी सकाळी सातला दगडूशेठसमोर भिडे वाड्याच्या जागेपाशी या, तिथून लक्ष्मी रोड धरून हुजूरपागा, मग सेवासदन, परत फिरून बाजीराव रोड, म्युझियम उघडलं असेल तर आत, आणि शेवटी गंज पेठ. पाणी जवळ ठेवा, चप्पल चालायची घाला. दोघींनी येते म्हटलंय.