चढणीचे मासे ‘नाहीतरी मरतातच’? हे खरं नाही

मृगाचा पाऊस सुरू झाला की दरवर्षी एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. म्हणणं थोडक्यात असं: चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात नदीतून ओढ्या-शेतांकडे चढणारे मासे, खुशाल पकडा, ते शेतात अडकून नाहीतरी मरतातच. एकेक मादी लाखो अंडी घालते, त्यामुळे मासे संपायचा प्रश्नच नाही. बापजाद्यांपासून हे चालत आलंय. आणि सरकार धरणांत मत्स्यबीज (माशांची पिल्लं) सोडतंच. वाचायला हे पटण्यासारखं वाटतं, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी ‘मरतातच’ बघू. पॅसिफिक महासागरातले सामन मासे आयुष्यात एकदाच नदी चढतात, अंडी घालतात आणि मरतात. त्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत आणि बहुधा तिथूनच हा समज आपल्या ओहोळांना चिकटला असावा. आपल्याकडची शिंगटी, दांडवण किंवा मरळ तशी मरत नाही. पाणी चढलं की हे मासे ओढ्यांतून उथळ, पाण्याखाली गेलेल्या शेतांकडे जातात. तिथे पाणी कोमट असतं, पिल्लांना बारीक खाणं मिळतं आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. पाणी ओसरायला लागलं की मोठे मासे उतरतात, मागून पिल्लंही उतरतात. काही वाफ्यात अडकतात, बगळ्यांच्या तोंडी जातात, हे खरं. पण आपण त्यांना पकडतो ते उतरताना नव्हे, चढताना. घरी मासा चिरताना पोटात दोन्ही बाजूंना भरलेली गाभोळी (अंड्यांची पिशवी) निघते, तोच याचा पुरावा. त्या मादीने अजून अंडी घातलेलीच नव्हती.

चढणीचं हे पाणी माशांना किती लागतं, हे मत्स्यशेतीनेच दाखवून दिलंय. रोहू, कटला, मृगळ तळ्यात उत्तम वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन ही अडचण सोडवली. पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्याने जे नदीत आपोआप होतं, ते तळ्यात सुईने करावं लागतं. ओढ्यातल्या माशाला सुई टोचायला कोणी जात नाही. त्याला ते चार दिवसांचं पाणीच हवं.

‘लाखो अंडी’ हे रोहूच्या बाबतीत खरं आहे. किलोभर वजनामागे दोनेक लाख धरतात. पण अंडी इतकी असतात ती बहुतेक वाया जाणार म्हणूनच. शिवाय सगळे मासे रोहू नसतात. महाशीर वजनाच्या मानाने फारच कमी अंडी घालतो. मरळीचं तर गणितच वेगळं. पावसाळ्यात संथ पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका वळवळताना दिसतो. मध्येच सगळी एकदम खाली जातात, पुन्हा हवा घ्यायला वर येतात. त्यांच्या खालीच आईबाप राखण करत फिरत असतात. गळ टाकणारे नेमके त्या पुंजक्यावर टाकतात, कारण मोठी मरळ अंगावर येते हे त्यांना माहीत असतं. ती एक मरळ काढली की उरलेली पिल्लं दिवसा-दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जाऊ शकतात. हा प्रकार मला अजिबात सहन होत नाही.

मत्स्यबीजाबद्दल फार बोलायला नको. सोडतात ते मुख्यतः कटला, रोहू, मृगळ, म्हणजे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांमधले मासे. त्यांनी शिंगटीची किंवा दांडवणीची जागा भरून निघत नाही.

राहिली परंपरा. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड हा डोह आहे. तिथले महाशीर देवीचे म्हणून कोणी धरत नाही, लोक त्यांना खाऊ घालतात. पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ तिळसे इथे वैतरणेतही तेच. मासे राखणं हीसुद्धा आपलीच परंपरा आहे, ती त्या मजकुरात कशी येत नाही? आणि बापजाद्यांच्या हातात टोपली, पाग (फेकायचं जाळं) नि गळ होता. आज ओढा या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणीच्या जाळीने बंद करतात, इन्व्हर्टर आणून पाण्यात करंट सोडतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. करंटने बोटाएवढी पिल्लंही उलटी होतात. पाण्यात विष किंवा सुरुंग वापरायला तर 1897 च्या मत्स्य कायद्यातच मनाई होती. समुद्रात पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवतात, त्यामागेही माशांना अंडी घालू द्यावीत हे एक कारण आहे. ओढ्याला मात्र कोणी विचारत नाही.

यावर ‘गरिबाच्या ताटातलं कालवण काढून घेता का?’ असं विचारलं जातं. नाही. बांधावर उभं राहून चार मासे धरणाऱ्या बाईमुळे ओढा रिकामा होत नाही. आडवी जाळी काढा, करंट बंद करा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतरचे आठ दिवस मासे वर जाऊ द्या. उतरतीला धरले, तरी तिच्या ताटात कालवण येईलच.