व्यसनमुक्ती राबवा, पण फोटोत बसेल एवढीच

शाळेत व्यसनमुक्ती कार्यक्रम घ्यायचाय ना? मग आधी फ्लेक्सवाल्याला फोन करा, मुलांचं नंतर बघू. २६ जून, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिन, तर वरदानच आहे. त्याच दिवशी शाहू महाराज जयंती, त्यामुळे एका मंडपात, एका हारात दोन्ही उरकतं. परळ असो की गोवंडी, पाऊस असणारच. प्रभातफेरी छत्र्यांसकट काढा. घोषणा ऐकू येत नाहीत, पण फोटो छान येतात.

कुणीतरी अतिशहाणा सांगेल, बॉटविन नावाच्या अमेरिकन संशोधकाचं ‘लाइफ स्किल्स ट्रेनिंग’ ३ वर्षं चालतं: पहिल्या वर्षी १५ तासिका, मग १०, मग ५. मित्रानं सिगारेट पुढे केली तर नाही कसं म्हणायचं, हे मुलांकडून घोटून घेतात म्हणे. त्याला शांतपणे सांगा, आमच्याकडे शनिवारी प्रार्थनेनंतरची १० मिनिटं आहेत. सराव गाळा, वर्गात फार गोंगाट होतो. उरलेलं मोठ्यानं वाचून दाखवा आणि अहवालात ‘पुराव्यावर आधारित’ हे ठळक टाइपात टाका.

पोलीस साहेबांचं भाषण चुकवू नका. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ हा व्यसनविरोधी कार्यक्रम सुरू झाला, वर्दीतले पोलीस वर्गात शिकवायचे. पुढच्या अभ्यासांत मुलांच्या व्यसनांवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम तर उलटलेच, त्यातली मुलं जास्त गुन्हे करू लागली. असू दे. तिकडच्यांना आपल्या साहेबांसारखं बोलता कुठे येतं?

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला ‘सेहर’ हा शालेय आरोग्याचा प्रयोग मात्र संस्थाचालकांच्या कानावर जाऊ देऊ नका. तेच काम काही शाळांत शिक्षकांना दिलं, काहींत त्यासाठीच नेमलेल्या समुपदेशकांना. शाळेचं वातावरण सुधारलं ते समुपदेशक होते तिथे. आता माणूस नेमायचा म्हणजे पगार आला! त्यापेक्षा पीटीच्या सरांना नोडल अधिकारी करा. त्यांच्याकडे मतदारयादीचं काम आहेच, त्यात हे खपून जाईल.

फेरीचा मार्ग जपून आखा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा कोपऱ्यावरची टपरी फोटोत येता कामा नये. टपरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. समजूतदार असतो तो, तेवढा अर्धा तास ताडपत्री ओढून घेतो. आणि प्रमुख पाहुण्यांना शपथ द्यायच्या आधी स्टाफरूममागची मोरी दाखवा. तोंडातलं थुंकून आले की माइकवर शब्द स्पष्ट येतात.