दहापैकी चार

मला दहापैकी चार मार्क मिळाले. नकाशा काढण्यात नव्हे, दुसऱ्याच्या नकाशावर अभिप्राय देण्यात. बावन्नाव्या वर्षी हौसेनं जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे करायच्या, शनिवारच्या वर्गाला नाव घातलं, पदरचे पैसे भरले, आणि शेरा काय, तर ‘सूर प्रोत्साहनपर नाही’. पुण्यात जन्मलेल्या माणसाकडून प्रोत्साहनपर सूर! आमच्याकडे ‘वाईट नाही’ म्हटलं की समोरच्यानं पेढे वाटायचे असतात.

नियम असा: आधी कौतुक, मग सुधारणा, शेवटी परत कौतुक. मॅडम याला सँडविच म्हणतात. माझ्या वाट्याला आलेल्या मुलीनं पुण्यातल्या मिसळीच्या दुकानांचा नकाशा केला होता. फक्त एक्सच्या जागी अक्षांश आणि वायच्या जागी रेखांश, म्हणजे नेमके उलटे, भरले होते. त्यामुळे १८.५ उत्तर, ७३.८५ पूर्व हे आपलं पुणं उलटंपालटं होऊन तिची सगळी दुकानं नॉर्वेच्याही वर, बेअर आयलंडच्या दक्षिणेला, भर समुद्रात उघडली होती. मागे नुसता निळा रंग होता. तो तिला डिझाइन वाटला.

मी लिहिलं, ‘निळा रंग छान. मात्र तो आर्क्टिक महासागर आहे, तर्री थिजेल. अक्षरं सुबक.’ कौतुक, सुधारणा, कौतुक. यात कुठला नियम मोडला?

आणि माझ्या नकाशाला अभिप्राय देणाऱ्या पोराला मात्र नऊ. त्याच्याकडे येतो, पण आधी झेरॉक्सचं दुकान.

माझा नकाशा पेठांतल्या जुन्या हौदांचा. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं, ते या हौदांत पडायचं. कात्रजहून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर! आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो आणि त्याचा पाइप गच्चीपर्यंत पोचत नाही. असो.

वर्ग दोनला. अप्पा बळवंत चौकाजवळ प्रिंट काढायला पोचलो तेव्हा एकला दहा कमी. दुकानदारानं ए-थ्रीचा नकाशा ए-फोरवर काढून हातात ठेवला.

“ए-थ्री संपलाय. बसवलंय त्यात.”

“बसवलंय म्हणजे?”

“सगळं आलंय ना? मग?”

शेजारी एक आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी आधारची झेरॉक्स काढत उभे होते. त्यांनी माझा नकाशा न विचारता उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि काउंटरवरची पट्टी मागितली.

“प्रमाण काय लिहिलंयत?”

“एकास दहा हजार.”

“म्हणजे एका सेंटिमीटरला शंभर मीटर. ही खालची पाचशे मीटरची पट्टी किती भरायला हवी?”

“पाच सेंटिमीटर,” मी शाळेतल्यासारखं म्हणालो.

“साडेतीन भरते.” दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “म्हणजे एक तर पट्टी खोटी, नाहीतर आकडा खोटा, नाहीतर तुम्ही.”

“आजोबा, छापताना लहान झालंय.”

“नकाशा लहान होतो. पुणं होतं का? मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली मी. असा कागद साहेबांपुढे नेला असता तर साहेबांनी त्यात भजी बांधली असती.” मग नकाशावर बोट फिरवत, “आमचं घर कुठाय?”

“हा हौदांचा नकाशा आहे.”

“हौदावर पाणी भरायला माणसं कुठून यायची? घरातूनच ना?”

मी पैसे काढेपर्यंत त्यांनी खिशातलं बॉलपेन उपसून १:१०,००० वर काट मारली आणि शेजारी १:१४,००० लिहिलं. शिवाय फडके हौदापासून दोन बोटांवर एक चौकोन काढला. घर. मी दुकानदाराला म्हटलं, दुसरी काढून द्या. त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

“एक वाजला. चारला या.”

आजोबांचं सगळं बरोबर होतं, हेच पचत नाही. पट्टी कागदाबरोबर आक्रसते, छापलेला आकडा आहे तिथेच राहतो. हे मला येत होतं. परीक्षेत लिहिलंही असतं.

तोच कागद वर्गात दिला. त्या नऊवाल्या पोरानं त्यावर लिहिलं, ‘मस्त काका! उत्तरेचा बाण आवडला. पेननं लिहिलेलं एकदम व्हिंटेज.’ बाण सॉफ्टवेअर आयता देतं, आणि उत्तर मी शोधलेली नाही. हौदांविषयी अक्षर नाही. आणि काका!

तास संपल्यावर मॅडमना गाठलं, चार का म्हणून विचारलं. मॅडम गोड हसल्या.

“तुमचं निरीक्षण फार बारीक आहे, काका. सूर तेवढा जरा बघा. आणि अक्षर किती छान आहे तुमचं!”

अभिप्राय मी टाइप करून दिला होता.