माणसाची हकिकत कुणाच्या कपाटात राहते?

सायंटॉलॉजी या अमेरिकेत सुरू झालेल्या पंथाचा विषय निघाला की लोक थेट झीनूवर जातात. साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा कुणी अंतराळातला सम्राट, ज्वालामुखी, स्फोट. दोन मिनिटं हसणं होतं आणि विषय संपतो. मला हे हसणं पटत नाही. धर्मकथा बाहेरून ऐकली की कुणाचीही विचित्रच वाटते, आपलीसुद्धा. शिवाय ती झीनूची गोष्ट सामान्य सभासदाला सुरुवातीला सांगितलीच जात नाही, ती फार वरच्या पायरीवर येते. पहिल्या दिवसांत त्याला भेटतो तो समोरच्या खुर्चीवर बसलेला एक शांत माणूस. तो म्हणतो, "तुमच्या आयुष्यात काय काय झालं ते सांगा." मला लिहायचंय ते त्या खोलीबद्दल.

मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते. माणसं येतात, बसतात, बराच वेळ भलतंच काहीतरी बोलतात आणि मग कधीतरी खरं सांगायला लागतात. हे सांगणं किती नाजूक असतं ते रोज पाहते. म्हणून सायंटॉलॉजीच्या 'ऑडिटिंग'बद्दल, म्हणजे त्या खोलीतल्या बैठकांबद्दल, मी बरंच वाचत आले आहे. आणि आता आपल्याकडे पूर्वजन्मात नेऊन आणणारी शिबिरं आणि आयुष्याची 'मुळं शोधून देणारे' कोच इतके झालेत की त्याबद्दल स्पष्ट बोलणं मला गरजेचं वाटतं.

आधी हे काय आहे ते सांगते. एल. रॉन हबर्ड हा अमेरिकन लेखक. विज्ञानकथा आणि साहसकथा लिहायचा. मे 1950 मध्ये त्यानं 'डायनेटिक्स' नावाची उपचारपद्धती लोकांपुढे आणली. म्हणणं असं की शुद्ध हरपलेली असताना किंवा तीव्र वेदना होत असताना जे कानावर पडतं, जे घडतं, ते सगळं मनाच्या एका कप्प्यात जसंच्या तसं कोरलं जातं. त्याला नाव दिलं एन्ग्राम. पोटात असतानाचेही एन्ग्राम असतात. नंतरची भीती, दुखणी, विचित्र वागणं हे सगळं त्यातून येतं. तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून सांगितला की त्याचा जोर संपतो आणि सगळे संपले की माणूस 'क्लिअर' होतो. पुस्तक धडाक्यात खपलं. दोनेक वर्षांत डायनेटिक्ससाठी काढलेल्या संस्थेचं दिवाळं निघालं आणि हबर्डनं नवी मांडणी केली, ती सायंटॉलॉजी. डिसेंबर 1953 मध्ये न्यू जर्सीत तिची चर्च म्हणून नोंदणी झाली.

बसण्याची रीत अशी. सांगणारा दोन्ही हातांत धातूचे दोन डबे धरतो. त्यांतून अगदी मंद विद्युतप्रवाह जातो. त्वचेचा विद्युतरोध बदलला की समोरच्या यंत्राचा, म्हणजे ई-मीटरचा, काटा हलतो. ऑडिटर, म्हणजे समोर बसून ऐकणारा, प्रश्न विचारतो, काटा पाहतो आणि लिहीत जातो. त्याआधी एक लांबलचक अर्ज भरून घेतलेला असतो. घरातली माणसं आणि त्यांच्याशी असलेले संबंध, शिक्षण, नोकऱ्या, अपघात, आजार, शस्त्रक्रिया, दारू, औषधं, गुन्हे, आधी केलेले उपचार, सगळं त्यात. मग एखादा प्रसंग धरायचा, त्याच्या सुरुवातीला जायचं, शेवटपर्यंत यायचं, काय झालं ते सांगायचं. पुन्हा सुरुवातीला जायचं. पुन्हा सांगायचं. हलकं वाटलं नाही तर पुढचा प्रश्न ठरलेला: याच्या आधी असंच काही घडलं होतं का?

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, यात वाईट काय? खरंच, यातला एक भाग चांगला आहे आणि तो मान्य केल्याशिवाय हे सगळं का चालतं ते कळणार नाही. ऑडिटरनं मत द्यायचं नाही, 'तुम्ही चुकलात' म्हणायचं नाही, सांगितलेलं खोडून काढायचं नाही, असा त्यांचा नियमच आहे. शिकताना त्याला समोरच्याकडे पाहत, जराही न चुळबुळता, दोन दोन तास नुसतं बसण्याचा सराव करावा लागतो. आपल्यापैकी कितीजणांना असं ऐकून घेणारं माणूस मिळालंय? घरात वाक्य पूर्ण होण्याआधी सल्ला येतो. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मध्ये न बोलता ऐकतं, त्याला रडू येतं, मोकळं वाटतं, आणि ते मोकळं वाटणं शंभर टक्के खरं असतं. अनेक जुन्या सभासदांनी बाहेर पडल्यावरही सुरुवातीच्या बैठकांबद्दल चांगलं बोललंय. मला त्यात नवल वाटत नाही.

पण मोकळं वाटलं म्हणजे सांगितलेलं खरं घडलं होतं, असं होत नाही.

हबर्डचा दावा तपासून पाहिला गेला होता. एका प्रयोगात एका माणसाला औषधानं बेशुद्ध केलं आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला 35 शब्दांचा उतारा त्याला वाचून दाखवला. पुढे जवळजवळ सहा महिने डायनेटिक्सच्या पद्धतीनं त्याच्याकडून तो उतारा काढायचा प्रयत्न झाला. आठवणी पुष्कळ निघाल्या, पण उतारा काही आला नाही. हे निष्कर्ष 1959 मध्ये छापून आले. त्याच्याही आधी, ऑगस्ट 1950 मध्ये, लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये हजारो लोकांसमोर हबर्डनं एका तरुणीला पहिली 'क्लिअर' म्हणून उभं केलं होतं. तिला आयुष्यातलं सगळं लख्ख आठवतं, असं सांगितलं. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी होती. तिला त्या विषयातलं एक साधं सूत्र आठवलं नाही. हबर्डनं पाठ फिरवली तेव्हा त्याच्या टायचा रंगही सांगता आला नाही. मला त्या मुलीबद्दल वाईट वाटतं. तिच्या स्मरणशक्तीबद्दलचा दावा तिच्या वतीनं दुसऱ्यानंच केला होता आणि फजिती तिच्या वाट्याला आली.

आपली स्मृती काही साठवून ठेवत नाही, दरवेळी नव्यानं रचते. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1995 मध्ये दाखवलं की 'लहानपणी तू दुकानात हरवला होतास' अशी न घडलेली गोष्ट नातेवाइकांच्या हवाल्यानं सांगितली, तर 24 पैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या माणसांना ती पूर्ण किंवा अर्धवट आठवायला लागते. आता अशा मनाला वारंवार विचारा, याच्या आधीचं काही? त्याच्याही आधीचं? जो माणूस मदत मागायला आलाय, ज्यानं पैसे भरलेत, ज्याला समोरच्याला नाराज करायचं नाही, तो आठवत आठवत बालपणापर्यंत जातो. तिथेही काटा शांत झाला नाही की पोटात जातो. तिथेही नाही, मग मागच्या जन्मात. डायनेटिक्सच्या लोकांमध्ये 1951 च्या सुमारास याच मुद्द्यावर वाद झाले. संस्थेतल्या काहींना पूर्वजन्म नको होते. हबर्डला हवे होते आणि तेच टिकले. माझ्या मते ते टिकणारच होते, कारण मागे जायला कायम जागा उरते. या जन्मातल्या आठवणी कधीतरी संपतात. कोट्यवधी वर्षांच्या आठवणी संपत नाहीत. आणि या बैठका साडेबारा साडेबारा तासांच्या गठ्ठ्यांत विकल्या जातात.

मागचे जन्म आठवणं आपल्याला परकं नाही, हे मला माहीत आहे. संत बहिणाबाईंनी शेवटच्या दिवसांत आपल्या मुलाला, विठोबाला, आपले आधीचे बारा जन्म सांगितले, तेराव्यात सुटका आहे म्हणाल्या. ते अभंग आजही वाचायला मिळतात. ते जन्म खरे होते का, हा प्रश्न मला तिथे छळत नाही. एक बाई आपल्या आयुष्याचा अर्थ स्वतः लावते आहे, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या मुलापाशी. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, काय गाळायचं, हे तिचं तिनं ठरवलं. ऑडिटिंगच्या खोलीत यातलं काहीच सांगणाऱ्याच्या हातात नसतं. प्रसंग संपला की नाही हे काटा सांगतो. तुम्ही म्हणालात, 'झालं, माझ्या मनात आता काही नाही,' आणि काटा वेगळं काही सांगत असला, तर काट्याचं ऐकलं जातं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं जानेवारी 1963 मध्ये वॉशिंग्टनमध्ये धाड घालून ही यंत्रं उचलली होती. 1971 मध्ये न्यायालयानं निकाल दिला की यंत्र धार्मिक कामापुरतंच वापरता येईल आणि त्यावर इशारा लिहावा लागेल. म्हणजे रोग बरा करण्याचा दावा गेला. पण माणसाच्या स्वतःबद्दलच्या शब्दापेक्षा काट्याचा शब्द मोठा, हे तसंच राहिलं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी कुठलीही गोष्ट शिकवायची असेल तर ती एकच, की स्वतःला काय वाटतंय हे ओळखायला त्यानं स्वतःवर विश्वास ठेवावा. हे यंत्र नेमका तोच विश्वास काढून घेतं.

आणि मग ती फाईल. प्रत्येक बैठकीचे कागद तारीखवार फाईलमध्ये लागतात. वर्षानुवर्षांच्या बैठका म्हणजे फाईलींचा ढीग. लग्नाबाहेरचे संबंध, चोऱ्या, गर्भपात, आईवडिलांबद्दलचा राग, लैंगिक ओढी, सगळं त्या कागदांत आणि ते कागद संस्थेच्या ताब्यात. 1960 च्या सुमारास 'सिक्युरिटी चेक' सुरू झाले. तेच डबे, तोच काटा, पण प्रश्न चौकशीचे. त्यातला एक तर 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी होता. त्याचा पहिला प्रश्न असा होता की 'तुला कुणी काय सांगू नकोस असं बजावलंय?' लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. आम्ही असा प्रश्न विचारतो तो त्या मुलाला वाचवण्यासाठी, फार जपून. तिथे त्याचं उत्तर मोठ्यांच्या फाईलीत जाणार होतं.

डिसेंबर 1969 मध्ये संस्थेच्या 'गार्डियन ऑफिस' या गुप्त कामं पाहणाऱ्या विभागात एक आदेश निघाला, की अंतर्गत सुरक्षेसाठी या फाईली चाळाव्यात. पुढे हबर्डच्याच चरित्रासाठी कागदपत्रं जमवणारा जेराल्ड आर्मस्ट्राँग संस्थेतून बाहेर पडला आणि संस्थेनं त्याच्यावर दावा लावला. 1984 मध्ये लॉस एंजेलिसचे न्यायाधीश पॉल ब्रेकनरिज यांनी आर्मस्ट्राँगच्या बाजूनं निकाल दिला. धमकावण्यासाठी आणि छळण्यासाठी गोपनीय फाईलींतली माहिती वेचून काढण्याच्या पद्धतीवर त्यांनी अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले. लॅरी वोलरशाइम या माजी सभासदाचा खटलाही असाच. त्याच्या तक्रारीत विश्वासानं सांगितलेली माहिती बाहेर फोडल्याचा भाग होता. 1986 मध्ये ज्यूरीनं त्याला 3 कोटी डॉलर मंजूर केले, अपिलात ती रक्कम 25 लाखांवर आली, आणि 2002 मध्ये व्याजासकट 80 लाखांहून जास्त डॉलर संस्थेनं भरले. संस्थेचं म्हणणं आहे की ऑडिटिंगच्या नोंदी पाद्र्यापुढच्या कबुलीइतक्याच गोपनीय आहेत. पण पाद्री समोर बसून वही भरत नाही, आणि कबुलीचे कागद वरच्या अधिकाऱ्याकडे तपासायला जात नाहीत.

ब्रेकनरिज यांच्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. स्वतःच्या पूर्वायुष्याबद्दल आणि कर्तबगारीबद्दल हबर्ड जवळजवळ सवयीचा खोटारडा होता, असं त्यांनी पुराव्यावरून नोंदवलं. युद्धात आपण अपंग आणि आंधळे झालो होतो आणि मनाच्या शास्त्रानं स्वतःला बरं केलं, असं तो सांगे. नौदलाच्या कागदांत लढाईतली जखम सापडत नाही, अल्सरचे उपचार सापडतात. जगभरच्या लोकांकडून आयुष्याचा तपशीलवार हिशेब मागणाऱ्या माणसानं स्वतःची हकिकत मात्र हवी तशी रंगवली. यावर मला राग येतो. ज्यांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं, त्यांच्या प्रामाणिकपणाचा हा अपमान आहे.

हे सगळं वाचून सायंटॉलॉजीवर बंदी घाला म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं 1965 मध्ये ते करून पाहिलं, काही हाती लागलं नाही, कायदा मागे घ्यावा लागला, आणि 1983 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सायंटॉलॉजीला धर्म म्हणून मान्यता दिली. श्रद्धा कुणाची काय असावी हे सरकारनं ठरवू नये. मला काळजी आहे ती मांडणीची. ऐकणारा, हिशेब ठेवणारा, पैसे घेणारा आणि 'अजून बाकी आहे' म्हणणारा एकच असेल, तर श्रद्धा कुठलीही असो, सांगणारा माणूस अडकतो. ही मांडणी पुण्या-मुंबईत, हॉटेलच्या सभागृहात, शनिवार-रविवारच्या शिबिरातही उभी राहू शकते. तिथे ई-मीटर लागत नाही. 'तुझ्या आवाजावरून कळतंय, अजून गाठ सुटलेली नाही,' एवढं म्हटलं तरी पुरतं.

म्हणून कुठेही बसण्याआधी विचारा. मी सांगितलेलं लिहून ठेवणार का, ध्वनिमुद्रण करणार का, ते कोण पाहणार, मी सोडून गेले तर कागद कुणाकडे राहणार. आपला 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा आणि स्वतःच्या नोंदी पाहायला मिळण्याचा हक्क देतो. तो मानसिक आरोग्य सेवेपुरता आहे. 'मी थेरपिस्ट नाही, मी फक्त मार्गदर्शक' असं म्हणणाऱ्यापुढे तुम्ही त्याच्या भरवशावर बसू नका. थांबायचं कधी, हेही आधी विचारा. नीट काम करणारा समुपदेशक या प्रश्नानं दुखावत नाही. तो थांबण्याबद्दल स्वतःहून बोलतो.

आणि एक विनंती. अशा एखाद्या शिबिराचा वाईट अनुभव आला असेल तर तो इथे खाली कमेंटमध्ये तपशिलानं लिहू नका. ही पोस्ट सगळ्यांना दिसते. जवळच्या, विश्वासाच्या एका माणसाला समोर बसून सांगा. तसं कुणी नसेल तर मला मेसेजमध्ये फक्त 'बोलायचंय' एवढंच लिहा. बाकीचं आपण प्रत्यक्ष बोलू.