तो सीन कधी येतो?

बदनाम सिनेमा बघायला बसण्याची एक ठरलेली रीत आहे. घरची मंडळी झोपली ना हे बघायचं, दाराला कडी घालायची, आवाज तीनवर आणायचा आणि रिमोट मांडीखाली दडवायचा. ‘द मून इज ब्लू’साठी यातलं काहीही करू नका. आवाज तर मुळीच कमी करू नका. या सिनेमात जो काही वाह्यातपणा आहे तो फक्त कानांसाठी आहे. आवाज तीनवर ठेवलात तर ९९ मिनिटं तुम्ही तीन-चार माणसांना दिवाणखान्यात येताना-जाताना बघाल, आणि मधे स्वयंपाक.

सिनेमा हॉलिवूडचा, १९५३चा, दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर. विल्यम होल्डन आर्किटेक्ट, मॅगी मॅकनामारा अतोनात बडबडी मुलगी. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये ओळख होते, कोटाच्या बटणाचं निमित्त होतं आणि ती त्याच्या फ्लॅटवर जाते. जाण्याआधी, मला नादी लावायचा विचार आहे का, हेही विचारून घेते. आपण रिक्षावाल्याला मीटरनं येणार का विचारतो तितक्या सरळ. मग शेजारचा डेव्हिड निव्हन येतो, मुलीचा पोलीस बाप येऊन होल्डनला एक ठोसा लगावतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा एम्पायर स्टेट, तिथली गच्ची आणि लग्नाची मागणी. पदर ढळणं तर सोडाच, कोटाचं बटणसुद्धा शिवून होतं.

मग गदारोळ कशावरून? शब्दांवरून. कुमारिका, नादी लावणं, ठेवलेली बाई आणि गरोदर. शेवटचा शब्द आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला असतो. तिकडे त्याच सुमाराला टीव्हीवर ‘आय लव्ह ल्यूसी’ या विनोदी मालिकेतली ल्यूसी घरोघरी डोहाळे पुरवून घेत होती, पण ती गरोदर आहे असं म्हणायची सोय नव्हती.

मात्र चार शब्दांची ही कथा अर्धीच खरी. हॉलिवूडची स्वतःची एक आचारसंहिता होती. जोसेफ ब्रीनचं कार्यालय आधी पटकथा वाचायचं, मग सिनेमा बघायचं आणि पसंत पडला तर शिक्का द्यायचं. स्त्रीला नादी लावणं हा विनोदाचा विषय कधीच होऊ शकत नाही, असं त्या संहितेत स्पष्ट लिहिलेलं. पापाला मनाई नव्हती बरं का! पाप करा, पण रडत करा, आणि शेवटच्या रिळात गाडीखाली या. प्रेमिंजरची मुलगी पाप करत नाही, मात्र त्याबद्दल चहात साखर किती घालायची इतक्या सहजपणे बोलते. ब्रीनला झोंबला तो हा हलकेपणा. चार शब्द गाळले असते तरी शिक्का मिळाला नसता, असं माझं ठाम मत आहे.

शिक्क्याविना रीळ लावायला थिएटरवाले कचरत. युनायटेड आर्टिस्ट्सनं तरीही सिनेमा उतरवला. सिनेमांची नैतिकता तपासणाऱ्या कॅथलिकांच्या लीजन ऑफ डीसेन्सी या संघटनेनं त्याला ‘निषिद्ध’ ठरवलं, न्यूयॉर्कचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल स्पेलमन यांनी तो न बघण्याचं आवाहन केलं. एवढी फुकट जाहिरात झाल्यावर व्हायचं तेच झालं, तिकीटबारीवर रांगा. कॅन्सस राज्याच्या सेन्सॉर बोर्डानं बंदी घालताना जी कारणं दिली त्यांत चावट शब्द फार आहेत, हेही होतं. मोजले किती, ते सांगितलं नाही. १९५५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी जेमतेम एका वाक्यात उडवली. मुळात हा सिनेमा ज्या नाटकावरून काढला त्याचे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर नऊशेवर प्रयोग झाले होते आणि त्या प्रेक्षकांचं शील शाबूत होतं. पण नाटकाला शहाणे जातात आणि सिनेमाला बाकीचे, ही समजूत आपल्याकडेही काही कमी लाडकी नाही.

सगळ्यात गंमत जर्मन आवृत्तीची. प्रेमिंजरनं त्याच सेटवर, त्याच दिवसांत, वेगळे नट घेऊन हाच सिनेमा जर्मनमध्येही काढला. नाव ठेवलं ‘गच्चीवरची कुमारिका’. इकडे जो शब्द संवादात आला म्हणून आभाळ कोसळलं, तो तिकडे थेट पोस्टरवर.

दादा कोंडक्यांवर वाढलेल्या प्रेक्षकाची इथे खरी पंचाईत होते. दादांचे शब्द शाळेच्या प्रार्थनेत चालतील असे, अर्थ मात्र भलता. इथे उलटं: शब्द भलते, आणि अर्थ शाळेच्या प्रार्थनेचा. सवयीनं दुसरा अर्थ शोधायला जाल तर डोकं दुखेल. नाहीच तो.

ही निराशा जुनीच आहे. ‘मॅश’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या १९८२च्या एका भागात युद्धभूमीवरचे डॉक्टर जंग जंग पछाडून याच सिनेमाची रिळं मिळवतात, आणि बघून हिरमुसतात.

आज खटकतं ते निराळंच. चाळिशी ओलांडलेला निव्हन या पोरीला विनाअट सहाशे डॉलर देतो, ती घेते, वर आभाराचा मुका देते. तिथे मात्र रिमोट चाचपावासा वाटतो. तरी सिनेमा बघाच, निव्हनसाठी. बायकांमागे लागणाऱ्या रंगेल माणसाची भूमिका करतानासुद्धा हा नट इस्त्री मोडू देत नाही.

१९६१मध्ये अखेर शिक्का मिळाला. तोवर त्याची गरज कोणाला होती?

आणि शेवटपर्यंत बसलातच, तर गच्चीवरच्या पर्यटकांकडे लक्ष ठेवा. त्यांत उभे असलेले हार्डी क्रूगर आणि योहाना मात्झ हे जर्मन आवृत्तीतले नायक-नायिका. म्हणजे पोस्टरवरची ती कुमारिका या सिनेमातही आहे. फक्त इथे तिला तसं म्हणायची कोणाची छाती होत नाही.